झाड हवा खातं, बिल पाण्यात भरतं

एक किलो साखर समोर ठेवा. तिच्यातला कार्बन उसाने जमिनीतून उचललेला नाही. तो आला हवेतून, पानांच्या वाटेने. एक किलो साखर घडवायला सुमारे १.५४ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. हवेत तो असतो दहा हजार भागांत जेमतेम सव्वाचार भाग, म्हणजे एका घनमीटर हवेत पाऊण ग्रॅम. किलोभर साखरेसाठी दोन हजार घनमीटरहून जरा जास्तच हवा गाळून तिच्यातला कार्बन डायऑक्साइड पूर्ण वेचावा लागेल. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली धरली, तर अशा साठ खोल्यांमधली हवा. यात उसाचा चोथा, पाचट आणि मुळं धरलेली नाहीत. त्यांचा कार्बनही हवेतूनच येतो.

झाड माती खाऊन वाढतं ही समजूत जुनी आणि स्वाभाविक आहे. बेल्जियममधल्या यान व्हान हेल्मोंट यांनी सतराव्या शतकात ती तपासली. सुमारे ९० किलो वाळवलेली माती एका कुंडीत भरली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड ७७ किलोंच्या आसपास भरलं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती कमी झाली होती साधारण ५७ ग्रॅम. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द याच माणसाने घडवला, आणि कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचं वर्णनही त्यांनीच केलं. आपलं झाड तोच वायू गिळतंय, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ते ५७ ग्रॅम म्हणजे मुळांनी घेतलेली खनिजं. नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं जमिनीतून येतात आणि त्यांच्याशिवाय झाड उभं राहत नाही. पण वाळलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास नुसता कार्बन असतो.

दार उघडलं की पाणी बाहेर

पानावर मेणासारखा थर असतो. त्याच्यातून पाणी जवळपास जात नाही आणि हवाही जात नाही. म्हणून पानाला दारं लागतात. ती म्हणजे पर्णरंध्रं. बहुतेक पिकांत एका चौरस मिलिमीटरमध्ये शंभर ते तीनशे असतात. आंब्याच्या पानात ती फक्त खालच्या बाजूला सापडतील, ज्वारी-मक्याच्या पानात दोन्ही बाजूंना, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या कमळाच्या पानात फक्त वर. कमळाच्या पानाची खालची बाजू पाण्याला चिकटलेली, तिथे दार ठेवून उपयोग काय?

सगळी रंध्रं पूर्ण उघडी असली तरी त्यांचं एकूण तोंड पानाच्या क्षेत्रफळाच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. तरी तेवढ्यातून भरपूर वायू ये-जा करतो. याचं उत्तर १९०० साली ब्राउन आणि एस्कोम्ब या दोघा ब्रिटिश संशोधकांनी दिलं. भोक बारीक असलं की वायूचे रेणू समोरून येतात तसे बाजूने, कडेला वळसा घालूनही आत शिरतात. भोक जितकं लहान, तितका त्याच्या कडेचा वाटा मोठा. मांडवाला एकच मोठं दार ठेवण्यापेक्षा चहूबाजूंनी दहा-बारा वाटा ठेवल्या की पंगत लवकर आत येते, तसंच काहीसं.

आत गेल्यावर पान पोकळ असतं. पेशी एकमेकींना सैलसर टेकलेल्या, मधे हवेच्या गल्ल्या. कार्बन डायऑक्साइड या गल्ल्यांतून पेशीच्या ओल्या भिंतीशी येतो, तिथल्या पाण्यात विरघळतो आणि मग हरितलवकात शिरतो. हा शेवटचा टप्पा अंतराने अगदी छोटा, पण सगळ्यांत अडचणीचा. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. म्हणून हरितलवकं पेशीत कशीही विखुरलेली नसतात. ती हवेच्या गल्लीकडच्या भिंतीला अगदी पाठ लावून ओळीने बसलेली असतात. सूक्ष्मदर्शकात पानाचा आडवा छेद पाहिला तर ही रांग स्पष्ट दिसते.

खरी अडचण अशी की पेशीची भिंत ओली असल्याशिवाय कार्बन डायऑक्साइड विरघळत नाही, आणि भिंत ओली म्हटली की आतली हवा दमट. दार उघडं असेपर्यंत ही दमट हवा बाहेर जात राहणार. किती, ते मांडून पाहू.

पानाचं तापमान ३० अंश, बाहेरची आर्द्रता ४० टक्के. पानाच्या आत पाण्याच्या वाफेचा दाब ४.२ किलोपास्कल, बाहेर १.७. फरक अडीचचा. कार्बन डायऑक्साइडच्या बाजूने बघितलं तर बाहेर दशलक्षात ४२० भाग, पानाच्या गल्लीत साधारण २८०. हा फरक दाबात मोजला तर जेमतेम ०.०१४ किलोपास्कल. म्हणजे पाण्याला बाहेर ढकलणारा जोर, कार्बनला आत ओढणाऱ्या जोराच्या १८० पट. त्यात पाण्याचा रेणू हलका, तो १.६ पट चपळ. हिशोब येतो कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे २९० रेणू. वजनात सांगायचं तर एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला अंदाजे १२० ग्रॅम पाणी बाहेर.

आता मे महिन्यातली मराठवाड्यातली दुपार घ्या. पान ४० अंशांवर, आर्द्रता २० टक्के. वाफेच्या दाबातला फरक जवळजवळ सहा किलोपास्कलवर जातो, आणि त्याच एक ग्रॅमसाठी २७० ग्रॅमच्या आसपास पाणी मोजावं लागतं. माल तोच, भाव सव्वादोन पट. दुपारी बारा ते तीनमध्ये अनेक पिकं रंध्रं अर्धवट मिटून घेतात, सोयाबीन पानं फिरवून कडा सूर्याकडे करतं, त्याला कारण आहे. झाड आळसावलेलं नसतं. त्या भावाने खरेदी परवडत नाही.

ही दारं हलतात कशी

रंध्राच्या दोन बाजूंना घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन रक्षक पेशी असतात. सकाळी उजाडलं की प्रकाशातला निळा भाग त्यांना जागं करतो. पेशीच्या पडद्यावरचे पंप चालू होतात, पोटॅशियमचे आयन आत ओढले जातात, त्यांच्यामागे पाणी आत येतं आणि पेशी फुगते. तिची रंध्राकडची भिंत जाड आणि पेशीभोवती तंतूंचे आडवे वेढे. त्यामुळे ती फुगताना गोल न होता वाकते. दोघी वाकल्या की मधे फट पडते. पोटॅशियम बाहेर गेलं, पाणी उतरलं, की पेशी सैल पडतात आणि फट मिटते. गवतवर्गात, म्हणजे ज्वारी, मका, ऊस, भात यांत, या पेशी डंबेलसारख्या असतात. त्यांची उघडझाप जास्त चटकन होते.

पालाश, म्हणजेच पोटॅशियम, कमी पडलेलं पीक पाण्याचा ताण सोसत नाही, असं शेतकरी म्हणतात. त्याचं एक मूळ इथे आहे. बिजागरीला तेल नाही म्हटल्यावर दार वेळेवर उघडतही नाही आणि मिटतही नाही. पावसाने ओढ दिल्यावर १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) या खताची एक टक्का फवारणी, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, सुचवतात ती याच पोटॅशियमसाठी. ही फवारणी पावसाला पर्याय नाही. मुळाशी ओल अजिबात नसेल तर तिने काही साधत नाही. आणि ती सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच करायची, भर उन्हात द्रावण पानावर सुकून कडा करपतात.

जमीन कोरडी पडू लागली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल तयार होतं. ते रक्षक पेशींपर्यंत पोचलं की काही मिनिटांत दारं मिटतात. पान मान टाकायच्या आधीच हे घडलेलं असतं. म्हणजे पीक सुकलेलं दिसेपर्यंत वाट पाहिली तर कार्बनची आवक थांबून बराच वेळ झालेला असतो.

याच्या उलट टोकालाही तेच होतं, आणि ते फारसं कुणी लक्षात घेत नाही. शेतात चार दिवस पाणी साचलं, मुळांना हवा मिळेना, तरी रंध्रं मिटतात. बुडख्यात पाणी आणि पानं मलूल असं चित्र काळ्या रानातल्या सोयाबीनमध्ये पावसाळ्यात हमखास दिसतं. अशा वेळी युरिया टाकून पीक उठत नाही. आधी चर काढून पाणी बाहेर काढायचं आणि वाफसा येऊ द्यायचा.

केओलिनच्या फवारणीचंही इथेच समजून घ्यावं. फळबागेत आठ टक्के, म्हणजे १० लिटरला ८०० ग्रॅम, पांढरी माती फवारतात. ती दारं बुजवायला नसते. ती उन्हाचा काही भाग परतवते, पान थंड राहतं, आतला वाफेचा दाब उतरतो आणि पाण्याचा भाव खाली येतो. रंध्रंच मिटवणारी किंवा पानावर पातळ पापुद्रा धरणारी रसायनंही असतात. ती पाणी वाचवतात, पण कार्बनही तेवढाच अडवतात. बाग जगवायची असेल तेव्हा ठीक, फळ भरायच्या दिवसांत नुकसानीची.

दारं डोळ्यांनी बघायची तर

शाळेचा साधा सूक्ष्मदर्शक, रंगहीन नेलपॉलिश आणि पारदर्शक चिकटपट्टी पुरते. जास्वंदीचं किंवा मनी प्लांटचं उजेडातलं पान सकाळी दहाच्या सुमाराला निवडा. खालची बाजू कापडाने कोरडी करा. नखाएवढ्या जागेवर नेलपॉलिशचा एकच पातळ हात द्या, पंधरा मिनिटं सुकू द्या. त्यावर चिकटपट्टी दाबून सावकाश ओढा. पापुद्रा सुटून येईल. तो काचपट्टीवर चिकटवा आणि आधी शंभर पट, मग चारशे पट मोठा करून बघा. पानाचा तो ठसा असतो. दारं त्या क्षणी जशी होती तशी त्यात उमटतात.

हे बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी. पान दवाने ओलं असेल तर पापुद्रा दुधाळ होतो. हात जाड दिला तर ठसा बुजतो. वांग्यासारख्या लव असलेल्या पानावर पापुद्रा केसांत अडकून फाटतो. आणि कण्हेरीवर हा प्रयोग करायला गेलात तर एकही रंध्र दिसणार नाही, कारण कण्हेरीची रंध्रं खालच्या बाजूच्या खोलगट खळग्यांत, केसांच्या आड लपलेली असतात. कोरड्या वाऱ्यापासून वाचायची तिची ती रीत. रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेर का तग धरते, त्याचं थोडं उत्तर या खळग्यांत आहे.

दोन सारख्या कुंड्या घेऊन एकीला पाणी द्या, दुसरीचं तीन दिवस तोडा, आणि दोन्हींचे ठसे शेजारी ठेवा. वर इतकं लिहिलंय त्यापेक्षा जास्त एका नजरेत कळेल.

आतला कारागीर: संथ आणि थोडा वेंधळा

कार्बन डायऑक्साइड हरितलवकात पोचला की त्याला पकडून आधीच्या साखळीला जोडायचं काम रुबिस्को नावाचं प्रथिन करतं. भात-गव्हाच्या पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत एकटं रुबिस्को असू शकतं. इतकं का लागतं? कारण ते फार संथ आहे. अनेक विकरं सेकंदाला शेकडो-हजारो रेणू हातावेगळे करतात, रुबिस्कोचा एक रेणू सेकंदाला साधारण तीन ते दहा. कामगार संथ असल्यावर मुकादम माणसं वाढवतो, तेच इथे. आणि प्रथिन म्हणजे नत्र. पिकाला दिलेल्या नत्राचा मोठा हिस्सा या एका कारागिराच्या पगारात जातो. नत्र कमी पडलं की पान फिकट होतं आणि कार्बनची आवक घटते, ती यामुळेही.

दुसरी खोड अधिक महागाची. रुबिस्कोला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांत नीट फरक करता येत नाही. ते घडलं त्या काळी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन नावापुरता होता, चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. आज हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे. २५ अंशांना साधारण चारातल्या एका वेळी ते ऑक्सिजन पकडतं. मग एक निरुपयोगी तुकडा तयार होतो, तो दुरुस्त करायला ऊर्जा जाते आणि आधी पकडलेला थोडा कार्बन परत हवेत सुटतो. तापमान चढलं की ही चूक वाढते. मार्चमधल्या अवेळी उन्हाने गव्हाचा दाणा चिमतो, त्यात पीक लवकर पिकणं आणि रात्रीचा श्वसनखर्च हे मोठे धनी आहेत, पण या चुकीचाही वाटा आहे.

हा कार्बन पुढे जातो कुठे, हे मेल्व्हिन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी अमेरिकेत बर्कलीला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत उलगडलं. चपट्या काचेच्या भांड्यात शेवाळ, त्यावर दिवे, त्यात किरणोत्सारी कार्बन सोडायचा आणि मोजून काही सेकंदांनी तोटी उघडून शेवाळ गरम अल्कोहोलमध्ये ओतून जागच्या जागी मारायचं. मग कुठल्या रेणूत खूण सापडते ते बघायचं. सगळ्यांत आधी खूण मिळाली तीन कार्बनांच्या एका आम्लात. म्हणून भात, गहू, हरभरा, तूर, सोयाबीन, कापूस, कांदा, आंबा, द्राक्ष या वाटेने जाणाऱ्या पिकांना सी-३ म्हणतात. कॅल्व्हिन यांना १९६१ साली नोबेल मिळालं.

एक गैरसमज जाता जाता. झाड कार्बन डायऑक्साइड फोडून त्यातला ऑक्सिजन सोडतं असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याचा असतो, आणि पाणी फोडायला प्रकाश लागतो. म्हणून कुठलंही झाड अंधारात ऑक्सिजन सोडत नाही. पिंपळही नाही.

ज्वारी आणि उसाचा तोडगा

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या अ‍ॅक्रॉनला ब्रिग्ज आणि शान्ट्झ यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कुंड्या तोलून पिकांच्या पाण्याचा हिशोब मांडला. एक किलो सुकं वजन तयार करायला ज्वारी-बाजरीसारख्या पिकांना सुमारे ३०० किलो पाणी लागलं, गव्हाला ५०० च्या आसपास, लसूणघासाला ८०० हून जास्त. आकडे पक्के होते, पण कारण कुणालाच सांगता येईना. ते मिळायला पन्नास वर्षं गेली, आणि मिळालं ते उसातून. हवाईमधल्या संशोधकांना १९६५ साली दिसलं की उसात खूण आधी चार कार्बनांच्या आम्लात उमटते. पाठोपाठ ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी पूर्ण वाट मांडली. हीच सी-४.

तोडगा असा. पानाच्या बाहेरच्या पेशींत पेप कार्बोक्सिलेज नावाचं वेगळं विकर पहिली पकड घेतं. ते ऑक्सिजनला फसत नाही आणि कार्बन कमी असला तरी चटकन पकडतं. पकडलेला माल चार कार्बनांच्या आम्लाच्या रूपात आतल्या, शिरांभोवती कडं करून बसलेल्या जाड भिंतीच्या पेशींत पोचवला जातो. तिथे तो पुन्हा सुटा होतो, आणि रुबिस्को तिथेच बसलेलं असतं. बंद खोलीत आजूबाजूपेक्षा कितीतरी पट दाट कार्बन डायऑक्साइड कोंडला, की वेंधळ्या कारागिरालाही चूक करायला वाव राहत नाही. उसाचं पान उजेडाकडे धरा, शिरा किती दाट आहेत ते बघा. दोन शिरांच्या मधे जेमतेम चार पेशी मावतात, कारण प्रत्येक बाहेरच्या पेशीला आतल्या पेशीचा शेजार हवा.

यासाठी ऊर्जा थोडी जास्त मोजावी लागते, पण उन्हाळी प्रदेशात उजेडाची कमतरता नाही. फायदा मात्र पाण्यात मिळतो. पकड मजबूत म्हणून सी-४ पानाच्या आत कार्बन डायऑक्साइड १५०–१६० भागांपर्यंत खाली ओढला जातो, बाहेरच्याशी फरक जवळजवळ दुप्पट होतो, आणि तेवढाच माल निम्म्या उघड्या दारातून आत येतो. ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, वरी, राळा हे सगळे या घरचे. हरळी आणि लव्हाळाही. कोरड्या महिन्यात पिकाआधी तण का डोकं काढतं, त्याचा थोडा खुलासा इथे होतो.

मग ऊस इतकं पाणी का पितो, हा प्रश्न येणारच. किलोमागे तो काटकसरीच आहे. पण तो शेतात बारा ते अठरा महिने उभा राहतो, हिरव्या पानांचं छत सगळा उन्हाळा उघडं ठेवतो आणि हेक्टरी वजनही प्रचंड काढतो. भाव कमी, खरेदी अफाट. उसाला आळशी किंवा उधळ्या म्हणणं चुकीचं आहे, पण पाणी नसलेल्या तालुक्यात सी-४ असल्याचं प्रमाणपत्र दाखवून तो लावणंही तितकंच चुकीचं.

तळ्यातल्या हायड्रिला या पाणवनस्पतीने हाच तोडगा आतल्या पेशींच्या कड्याशिवाय, एकाच पेशीत बसवलाय. भर उन्हात गच्च वाढलेल्या तळ्यात कार्बन डायऑक्साइड संपत येतो, ऑक्सिजन चढतो, तेव्हा ती या वाटेवर येते. जगदीशचंद्र बोस यांनी याच हायड्रिलाच्या बुडबुड्यांवर बारीक मोजमापं केली होती, १९२४ च्या आधी, सी-४ हे नाव जन्मायच्या चार दशकं अगोदर.

पॉलिहाउसमधला उपास

दहा गुंठ्यांचं पॉलिहाउस, सरासरी उंची पाच मीटर. आत पाच हजार घनमीटर हवा, म्हणजे पावणेचार किलो कार्बन डायऑक्साइड. भरलेलं पीक चांगल्या उजेडात दर चौरस मीटर जमिनीमागे तासाला तीनेक ग्रॅम घेतं, म्हणजे पूर्ण घराला तासाला तीन किलो. पडदे बंद ठेवले तर सव्वा तासात भांडार रिकामं. प्रत्यक्षात तो शून्यावर जात नाही. पातळी उतरते तसा वेगही उतरतो, आणि सी-३ पीक दशलक्षात ५० भागांच्या आसपास घेणं आणि सोडणं समान होऊन अडकतं. पण त्याच्या खूप आधी, दीडशे-दोनशे भागांवर, वाढ रोडावलेली असते. पान हिरवं, खत व्यवस्थित, तरी काडी बारीक.

हिवाळ्यात ऊब टिकवायला पडदे उशिरापर्यंत बंद ठेवतात तेव्हा हे घडतं. सूर्य वर आल्यावर तासाभरात बाजूचे पडदे थोडे तरी उघडावेत. हवा खेळती राहिली की आणखी एक गोष्ट साधते. पानाला चिकटून हवेचा एक निश्चल थर असतो, तो पातळ होतो आणि बाहेरचा माल दारापर्यंत लवकर पोचतो. गादीवाफ्यात शेणखत कुजत असेल तर रात्रभर त्याचा कार्बन डायऑक्साइड आत साठतो, आणि पहाटे पिकाला फुकटची न्याहारी मिळते.

नेदरलँड्समध्ये काचघरांत हे प्रमाण मुद्दाम आठशे-हजारपर्यंत नेतात. आपल्याकडच्या वरून-बाजूने उघड्या पॉलिहाउसमध्ये तसा वायू सोडला तर तो झरोक्यातून शेजारच्या रानात जातो. इथे पैसा झरोक्यांच्या जाळीवरची धूळ धुण्यात घालावा, परतावा जास्त आहे.

धुळीचाच विषय निघाला म्हणून. खडी क्रशरशेजारच्या आंब्यावर पांढरा थर बसतो. रंध्रं बुजली असं लोक म्हणतात. आंब्याची रंध्रं खालच्या बाजूला, धूळ वरच्या. मुख्य नुकसान उजेड अडल्याचं आहे. म्हणून फवारणी पंपाने वरून धुतलेलंही उपयोगी पडतं.

घरातली कुंडी आणि लावलेलं झाड

माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. एक चौरस मीटर पान उघड्यावर, बऱ्यापैकी उजेडात आठ तास काम करून बारा-तेरा ग्रॅम घेतं. एका माणसाचा उच्छ्वास फेडायला ऐंशी चौरस मीटर पान लागेल. दिवाणखान्यात उजेड याच्या काही टक्केच असतो. म्हणून टीपॉयवरच्या कुंडीने हवा शुद्ध होते हे विसरून जा, कुंडी छान दिसते म्हणून ठेवा. रात्री खोलीत झाड ठेवलं तर गुदमरायला होतं, हीही तितकीच पोकळ भीती. शेजारी झोपलेला माणूस कुंडीच्या कितीतरी पट जास्त सोडतो.

वृक्षारोपणाच्या फलकावरचा आकडा तपासायची युक्ती साधी आहे. झाडाचं सुकं वजन किलोत अंदाजा, त्याचं निम्मं करा, ३.६७ ने गुणा. शंभर किलो सुकं लाकूड म्हणजे सुमारे १८० किलो कार्बन डायऑक्साइड, तोही जोवर लाकूड जळत किंवा कुजत नाही तोवर. दोन वर्षांच्या हातभर रोपाच्या नावावर शेकडो किलो लिहिले असतील तर गुणाकार करून दाखवा.

हवेतला साठा वाढतोय, हवाईतल्या मौना लोआ या डोंगरावर १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ भागांच्या आसपास होता. जास्त कार्बन म्हणजे पिकाला मेवा, हे अर्धंच खरं. सी-३ पिकांचं वजन वाढतं, पण उघड्या शेतात वाढीव कार्बन डायऑक्साइड सोडून केलेल्या प्रयोगांत गव्हातलं जस्त आणि प्रथिन पाच ते दहा टक्क्यांच्या घरात घटलेलं आढळलं. सी-४ ला फार फरक पडत नाही, तिचं भांडार आधीच भरलेलं.

रात्रीची खरेदी

तिसरी रीत सगळ्यांत काटकसरी. पाणी दिवसा महाग, मग रात्री घ्या. कोरफड, निवडुंग, ड्रॅगन फ्रूट, घायपात, अननस आणि पानफुटी रात्री दारं उघडतात. कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात पेशीतल्या मोठ्या थैलीत साठवतात, दिवसा दारं लावून घेतात आणि तो साठा आतल्या आत उजेडात साखरेत बदलतात. या रीतीला कॅम म्हणतात. हिची एक सुरुवातीची चाहूल भारतात लागली. बेंजामिन हेन या निसर्ग अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलं की पानफुटीचं पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडसर लागतं. तुम्ही मात्र चावून बघू नका, या पानात हृदयाला त्रासदायक द्रव्यं असतात. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला एकाच रोपाची पाच-पाच ग्रॅम पानं दहा मिलिलीटर शुद्ध पाण्यात ठेचा आणि पीएच पट्टी बुडवा. सकाळची पट्टी स्पष्ट आंबट बाजूला जाईल. पान रात्रभर उजेडाच्या दिव्याखाली राहिलं असेल तर फरक पुसट होतो.

थैलीत मावेल तितकाच माल मिळतो, म्हणून ही झाडं सावकाश वाढतात. अननसाचं फळ हाती यायला साधारण दीड वर्ष लागतं, त्यात या छोट्या कोठीचाही वाटा आहे.

आणि परसातली घोळ. तिची भाजी करतो, शेतात तण म्हणून उपटतो. पाणी आहे तोवर ती ज्वारीसारखी सी-४ वाटेने दिवसा काम करते. जमीन तापून कोरडी झाली की तीच पानं रात्री दारं उघडून कॅमवर येतात. उपटून बांधावर फेकलेली घोळ आठवडाभर मरत नाही ती या सवयीने. आणि एक सर आली की पुन्हा मूळ धरून दिवसाच्या कामाला लागते.